उरलेल्या जिवांची नावं

नवी भाषा रचायला बसलं की पक्षी आणि मासा या दोन शब्दांना फार वेळ लागत नाही. केसाळ, दूध पाजणाऱ्या प्राण्यांशी तर आपलं नातंच आहे, त्यामुळे त्यांच्यासाठीही शब्द सुचत जातात. अडतं ते त्यानंतर. पाल, सरडा, साप, कासव, मगर, बेडूक, पालीसारखा दिसणारा पण ओल्या कातडीचा सॅलमँडर हे सगळे एका कडेला उरतात, आणि भाषा रचणारे बहुतेक जण त्यांना एका शब्दात गुंडाळून पुढच्या पानावर जातात. मला तसं पुढे जाववत नाही. मी रचत असलेल्या भाषेचं नाव नारिम. तिच्या शब्दकोशात सर्वांत जास्त खाडाखोड झालेली पानं याच जिवांची आहेत, आणि माझा सर्वांत जास्त जीवही त्याच पानांवर आहे.

उरलेल्यांचा असा गठ्ठा बांधायची खोड जुनी आहे. कार्ल लिनिअस या स्वीडिश निसर्गअभ्यासकानं १७५८ साली ‘सिस्टेमा नॅचुरे’ या आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सरपटणारे आणि उभयचर हे दोन्ही ‘अँफिबिया’ या एकाच वर्गात घातले, आणि शार्कसारखे कूर्चेच्या सांगाड्याचे मासेही त्यातच ढकलले. या वर्गाचं त्यानं केलेलं वर्णन वाचून आजही वाईट वाटतं. थंड अंग, फिकट रंग, घाणेरडी कातडी, उग्र चेहरा, दुर्गंध, कर्कश आवाज, गलिच्छ वस्ती, भयंकर विष. आणि म्हणूनच निर्मात्यानं असले जीव फारसे घडवले नाहीत, असा शेरा. आज सरपटणाऱ्या प्राण्यांच्या १२,०००हून जास्त आणि उभयचरांच्या ८,०००हून जास्त जाती आपल्याला माहीत आहेत. वनस्पतींच्या बाबतीत इतक्या बारकाईनं पाहणाऱ्या माणसानं इथे मात्र किळस हाच निकष धरला. पुढे १८०० साली अलेक्सांद्र ब्रोन्यारनं कासवं, सरडे, साप आणि बेडूक असे चार गट पाडले, आणि त्यानंतर लात्रेय या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं उभयचरांना त्यांचा स्वतंत्र वर्ग दिला. पण सरपटणारे आणि उभयचर या दोन्ही गटांचा अभ्यास आजही एकाच शास्त्राखाली होतो. बेडूक आणि नाग यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे, तरी त्यांची कपाटं शेजारी शेजारी लागतात.

रचलेल्या भाषांनी हा गठ्ठा कसा हाताळला ते पाहणं मला फार आवडतं. सोन्या लँग यांनी २००१ साली मांडलेल्या टोकी पोना या भाषेत शब्द मोजकेच, सव्वाशेच्या आसपास. त्यात प्राण्यांसाठी वासो म्हणजे पक्षी, काला म्हणजे मासा, सोवेली म्हणजे जमिनीवरचा सस्तन प्राणी, पिपी म्हणजे कीटक, आणि मग आकेसी. हा शब्द घेतला डच भाषेतल्या सरड्याच्या नावावरून, पण त्याच्या पोटात सगळे सरपटणारे आणि सगळे उभयचर येतात. भाषेच्या २०१४ सालच्या पुस्तकात त्याचा पहिला अर्थच ‘गोंडस नसलेला प्राणी’ असा दिला आहे.

इतक्या कमी शब्दांच्या भाषेत पुढे जे घडतं ते विलक्षण आहे. साप म्हणायचं असेल तर बोलणाऱ्याला स्वतः ठरवावं लागतं की आत्ता, या सापाबद्दल, त्याला काय सांगायचंय. कुणी ‘आकेसी लिन्या’ म्हणेल, म्हणजे दोरीसारखा लांब आकेसी. कुणी ‘आकेसी पी नोका आला’ म्हणेल, म्हणजे पाय नसलेला आकेसी. कासवाला ‘आकेसी पी सेलो किवेन’, टणक कवचाचा. ठरलेलं नाव नसल्यामुळे प्रत्येक वेळी समोरच्या जिवाकडे पाहावंच लागतं. ही गोष्ट मी नारिमसाठी तिथूनच घेतली. मात्र ‘गोंडस नसलेला’ हा अर्थ मला खुपतो. बरेच बोलणारे आज तो बाजूला ठेवून आकेसी हा शब्द साधेपणानं वापरतात, हे खरंच. तरीही पाहणाऱ्याची नावड एकदा मूळ शब्दातच गेली, की वर कितीही चांगली विशेषणं लावली तरी ती तळाशी राहतेच.

लोजबान ही तर्कावर उभी केलेली भाषा दुसऱ्या टोकाला जाते. तिच्यात सरपटणाऱ्यासाठी रेस्पा, उभयचरासाठी बान्फी आणि सापासाठी सिनशे असे वेगवेगळे मूळ शब्द आहेत. प्रत्येकाला जातीची रिकामी जागा जन्मतःच जोडलेली: ‘अमुक हा तमुक जातीचा साप आहे’. जागा भरली नाही तरी चालतं, पण ती आहे याची जाणीव राहते. मला ही व्यवस्था फार सभ्य वाटते. मी या सापाला अजून पुरता ओळखत नाही, एवढं त्या मोकळ्या जागेतून आपोआप सांगितलं जातं.

आणि एस्पेरांतो. १८८७ साली जगापुढे आलेल्या या भाषेत बेडकाला रानो, भेकाला बुफो असे लॅटिन वळणाचे साधे शब्द आहेत. पण तिथे खरा जीव धरला तो मगरीच्या शब्दानं. एस्पेरांतो बोलणाऱ्यांच्या मेळाव्यात जमलेली माणसं आपापल्या मातृभाषेत गप्पा मारायला लागली, की त्याला ‘क्रोकोदिली’ म्हणतात. मगरीचं चक्क क्रियापद झालं. नारिममध्ये मी उलट्या दिशेनं चालले आहे, तिथे क्रियापदांपासून प्राणी तयार होतात. त्याकडे येतेच, पण आधी या सगळ्यांच्या पूर्वजाबद्दल बोलायला हवं.

जॉन विल्किन्स या इंग्रज बिशपनं १६६८ साली एक तत्त्वज्ञानी भाषा छापली. जगातल्या सगळ्या वस्तूंचे ४० मोठे वर्ग, त्यांचे पोटभेद, त्यांचेही पोटभेद. आणि शब्दातलं प्रत्येक अक्षर या झाडाची एक एक फांदी दाखवणारं. शब्द ऐकला की वस्तूची जागा कळावी, ही कल्पना. कागदावर ती इतकी सुंदर दिसते की भाषा रचणारा प्रत्येक जण कधी ना कधी तिच्या प्रेमात पडतो. वनस्पतींच्या तक्त्यांसाठी विल्किन्सनं जॉन रे या निसर्गअभ्यासकाची मदत घेतली होती. निसर्गाच्या मागे न जाता लेखकानं आधीच आखलेल्या चौकटीत वनस्पती बसवाव्या लागल्या, अशी तक्रार रेनं नंतर पत्रातून केली. तेवढ्यावर भागलं नाही. या भाषेत जवळचे नातेवाईक ऐकायलाही जवळजवळ सारखे होतात, आणि खुद्द विल्किन्सच्या ग्रंथात एका ठिकाणी ट्यूलिपच्या जागी बार्लीचा शब्द पडलेला आहे.

ट्यूलिप आणि बार्लीनं कुणाचं काही बिघडत नाही. सापांच्या बाबतीत मात्र बिघडतं. मण्यार आणि कवड्या अंधारात एकसारखे दिसतात. दोघांच्या काळपट अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे बारीक पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट होतात, शिवाय तिच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते. एक बिनविषारी, दुसरी जीव घेणारी. आपल्या भाषेत या दोघांच्या नावांत एक अक्षरही सारखं नाही. घाईत, ओरडून, अर्धवट ऐकू आलं तरी गल्लत होणार नाही. विल्किन्सच्या पद्धतीत दोघांत एका अक्षराचा फरक उरला असता. म्हणून नारिममध्ये मी एक नियम घातला आहे: दिसायला जुळ्या असलेल्या दोन प्राण्यांतला एक विषारी असेल, तर त्यांची नावं एका धातूपासून, म्हणजे एकाच मूळ क्रियेच्या शब्दापासून, कधीच बनत नाहीत. व्याकरणाच्या पुस्तकात असा नियम विचित्र दिसेल. जिथे माणसं सापांच्या शेजारी राहतात, अशा कुठल्याही भाषेत तो शोभेल.

कोण पाहतंय आणि कशासाठी पाहतंय, यावर विभागणी ठरते. सुश्रुतसंहितेतलं सापांचं वर्गीकरण वैद्यानं केलेलं आहे. दर्वी म्हणजे पळीसारखा फणा असणारे दर्वीकर, अंगावर मंडलं असणारे मंडली, रेषा असणारे राजिमंत, मग निर्विष, आणि संकरातून झालेले वैकरंज. पाच गटांत मिळून ८० प्रकार. पहिल्या तिन्ही गटांच्या विषानं कुठला दोष बिघडतो हे त्याला जोडूनच येतं, कारण समोर दंश झालेला माणूस आहे. पापुआ न्यू गिनीतले कलाम लोक शिकारीच्या आणि गोळा करण्याच्या नजरेनं पाहतात. त्यांच्याकडे बेडूक आणि काही लहान सस्तन प्राणी ‘अस’ या एकाच नावाखाली येतात. राल्फ बुल्मर या मानववंशशास्त्रज्ञानं कलाम लोकांबरोबर वर्षानुवर्षं काम करून हे लिहून ठेवलं, आणि बेडकांच्या एकेका प्रकाराची त्यांची पारख पाहून तो थक्क झाला. सेसिल ब्राउन यांनी १९७९ साली अनेक भाषांची तुलना करून मांडलं होतं, की प्राण्यांचे मोठे गट दाखवणाऱ्या शब्दांत पक्षी, मासा आणि साप हे तीन सर्वांत आधी येतात. सापाला भाषेत लवकर जागा मिळते. बेडकाला ती मागून, कुणाच्या तरी बरोबर मिळते.

नारिम बोलणारी माणसं मी कल्पनेत एका मोठ्या पाणथळीच्या काठावर वसवली आहेत. त्यांना सूक्ष्मदर्शक ठाऊक नाही, जीवाश्म ठाऊक नाहीत. मगर ही सरड्यापेक्षा पक्ष्याला जवळची आहे, किंवा वंशावळ काटेकोर लावली तर पक्षी सरपटणाऱ्यांच्याच एका फांदीवर बसतात, हे त्यांना कळायला मार्ग नाही. पण कातडी त्यांना हातानं कळते, आणि त्यावरच त्यांचे दोन प्रत्यय उभे आहेत. ‘लु’ म्हणजे ज्याची कातडी ओली राहायला हवी असा. ‘तार’ म्हणजे जो बाहेरून ऊब घेतो असा. बेडूक, भेक, सॅलमँडर हे लु. सरडे, साप, कासवं, मगरी हे तार.

लुच्या कातडीत मोठी गोष्ट आहे. बेडूक पाणी पितो तो तोंडानं नव्हे, पोटाखालच्या कातडीतून ओढून घेतो. सॅलमँडरांच्या सर्वांत मोठ्या कुळाला फुप्फुसंच नाहीत; कातडी आणि तोंडाच्या अस्तरातून त्यांचा सगळा श्वास चालतो. अशा जिवाची कातडी सुकणं म्हणजे गुदमरणं. तो ओला आहे हे सांगताना लिनिअसला घाण दिसली. माझ्या कल्पनेतल्या माणसांना तो श्वास घेताना दिसतो. ‘तार’मध्ये रात्री हिंडणाऱ्या पालीही येतात. त्या उन्हात बसत नसल्या तरी दिवसभर तापलेल्या दगडाला पोट लावून त्याची उरलेली ऊब घेतात. अपवाद आहेतच. दक्षिण अमेरिकेतला एक झाडबेडूक अंगातल्या ग्रंथींतून मेणासारखा स्राव काढतो, चारही पायांनी तो सर्वांगाला नीट चोळतो आणि मग उन्हात फांदीवर शांत बसून राहतो. त्याला मी लु-तार असे दोन्ही प्रत्यय दिले. व्याकरणाला ते झेपतं.

प्रत्ययाच्या आधी येतो तो धातू, म्हणजे त्या जिवाची एखादी कृती. बेडकाचा धातू ठरला तो एका संध्याकाळी. एक बेडूक ओलसर मातीत बसून मोठा किडा गिळत होता आणि मी हातभर अंतरावर होते. किडा तोंडात अर्धा गेला, आणि बेडकानं डोळे मिटले. नुसते मिटले नाहीत, ते खाली गेले. डोक्यावरचे दोन्ही उंचवटे सपाट झाले, किडा आणखी आत सरकला, डोळे पुन्हा वर आले. पुन्हा खाली. बेडकाच्या डोळ्यांच्या खोबणीखाली हाडाचा तळ नसतो. डोळे आत ओढले की ते टाळूतून दाब देऊन घास घशाकडे ढकलतात. ‘नुप’ हा धातू मी त्यासाठी घडवला: डोळे मिटून गिळणं. नुपलु म्हणजे बेडूक. माणसानं एखादी कडू गोष्ट डोळे घट्ट मिटून घशाखाली उतरवली, तरी नारिममध्ये नुप हेच क्रियापद येतं.

सापांसाठी एक धातू पुरला नाही. साप एकाच तऱ्हेनं चालत नाही. बहुतेक वेळा अंगाच्या लाटा करत, दगड-काटक्यांना रेटा देत जातो, तो ‘सेश’. अजगरासारखा जड साप पोटाखालचे खवले आळीपाळीनं उचलून टेकवत सरळ रेषेत सरकतो, वळण न घेता, जणू जमीनच त्याला पुढे नेतेय; तो ‘दोव’. अरुंद बिळात किंवा झाडावर साप अंगाच्या घड्या घालून मागचा भाग रोवतो आणि पुढचा लांबवतो. आणि सैल वाळूत काही साप तिरके जातात, मागे एकमेकांना समांतर, तुटक खुणा ठेवत. चार चाली, चार धातू. एकच साप प्रसंगानुसार दोन-तीन चाली वापरतो, त्यामुळे नारिममध्ये एकाच सापाला दिवसभरात दोन-तीन नावं मिळू शकतात. शब्दकोश लिहिताना याचा ताप होतो. तरीही मी ते ठेवलंय, कारण पाणथळीच्या काठावर राहणाऱ्या माणसाला साप कुठला यापेक्षा आत्ता काय करतोय हे आधी कळायला हवं.

बिनपायांचे सरडे याच ठिकाणी येतात. सरड्यांच्या वंशात पाय नाहीसे होणं अनेकदा, स्वतंत्रपणे घडलंय, आणि साप ही त्यातलीच एक शाखा. वरवर साप वाटणारा असा सरडा बहुधा पापणी लवतो. साप कधीच लवत नाही. सापाच्या डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. एकदा मी टाकलेली कात उजेडात धरून पाहिली, तर डोक्याच्या जागी दोन्ही बाजूंना अगदी स्वच्छ, भिंगासारखे गोल होते. साप कात टाकताना डोळ्यांवरचा खवलाही सोडतो, म्हणून त्याआधी काही दिवस त्याचे डोळे दुधाळ निळे दिसतात. बिनपायांच्या सरड्याला मी ‘मिकसेशतार’ म्हणते: पापणी लवणारा, लाटेनं जाणारा, ऊब घेणारा. ज्यानं हे नाव शिकलं तो भुईवरचा साप पाहून काठी उचलण्याआधी त्याच्या डोळ्यांकडे पाहील, अशी मला आशा आहे.

लिंगाचा प्रश्न मराठी माणसाला लगेच पडतो. आपल्याकडे पाल ती, सरडा तो, कासव ते. नारिममध्ये अंड्यातल्या ‘तार’ला लिंग नसतं, आणि ते न देण्याला कारण आहे. मादलेन शार्निए यांनी १९६६ साली एका सरड्याच्या अंड्यांवर दाखवून दिलं, की पिल्लू नर होणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरू शकतं. पुढे बऱ्याच कासवांत आणि सगळ्या मगरींत हेच आढळलं. समुद्री कासवांत वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तरेकडच्या हिरव्या कासवांत लहान वयाच्या कासवांपैकी ९९ टक्के माद्या असल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालं. आणि अमेरिकेतल्या काही व्हिपटेल सरड्यांत नरच नाहीत. माद्या नराशिवाय अंडी घालतात आणि त्यातून माद्याच जन्मतात. त्यांच्या नावाला पुल्लिंगी रूप मी बनवलेलं नाही.

उभयचरांच्या नावांत मला क्रियापदाचे काळ लागले. बेडूकमासोळी आणि बेडूक यांना वेगळे शब्द द्यावेत की एकच? मासोळी कल्ल्यांनी श्वास घेते, बहुतेकदा शेवाळ खरवडते; मग पाय फुटतात, शेपटी अंगातच जिरते, लांबलचक आतडं आखूड होतं आणि शाकाहारी जीव मांसाहारी होऊन बाहेर येतो. मी एकच शब्द ठेवला आणि त्याला अपूर्ण आणि पूर्ण अशी दोन रूपं दिली. लहानपणा दाखवणारा प्रत्यय इथे चालणार नव्हता, कारण दक्षिण अमेरिकेतल्या एका बेडकाची मासोळी प्रौढ बेडकाच्या तिप्पट-चौपट लांब असते. काही बेडूक मासोळी हा टप्पाच वगळतात. अंड्यातून थेट इवलासा बेडूक निघतो. त्यांना अपूर्ण रूप नाही.

मग येतो मेक्सिकोचा ॲक्सोलॉटल. तो कल्ले न टाकता, पाण्यातच, पिल्लाच्या रूपात वयात येतो आणि त्याच रूपात अंडी घालतो. १८६०च्या दशकात पॅरिसला आणलेल्या ॲक्सोलॉटलांच्या पिल्लांपैकी काहींनी कल्ले टाकले आणि ती जमिनीवरच्या सॅलमँडरसारखी झाली, तेव्हा ओगुस्त द्युमेरिलला पत्ता लागला की ज्याला आपण पूर्ण प्राणी समजत होतो तो न बदललेला सॅलमँडर आहे. त्याच्यासाठी मी तिसरं रूप घातलं, ‘थांबून राहिलेलं’. हे रूप पुढे माणसांसाठीही वापरात आलं, आणि त्यात कमीपणाचा अर्थ येऊ दिलेला नाही. ॲक्सोलॉटल अर्धवट नाही, तो त्याच्या तळ्यात पुरता नांदतो.

सध्या माझ्यासमोर देवगांडूळ आहे. बिनपायांचा, मातीत राहणारा उभयचर. अंगावर वळ्या, डोळे जवळजवळ कातडीखाली, आणि डोळा व नाकपुडी यांच्या मध्ये वास-स्पर्श टिपणारी बारीक स्पर्शिका. धातू सोपा होता, ‘वाम’, मातीतून वाट काढणं. वामलु. पण २००६ साली केनियातल्या एका जातीची पिल्लं आईच्या कातडीचा पोषक थर दातांनी खरवडून खातात हे प्रसिद्ध झालं, आणि २०२४ साली ब्राझीलमधल्या अंडी घालणाऱ्या जातीबद्दल आणखी एक गोष्ट कळली. तिथली आई शरीराच्या मागच्या टोकातून दुधासारखा, स्निग्ध पदार्थ आणि साखर असलेला स्राव पाजते, आणि पिल्लं आवाज करून, तिला स्पर्श करून तो मागतात.

नारिममध्ये दूध पाजणाऱ्यांचा प्रत्यय ‘ने’ आहे. तो आजवर फक्त केसाळ प्राण्यांना लागत होता. पाणथळीच्या माणसांनी माती उकरताना ही आई आणि तिच्याभोवती वळवळणारी पिल्लं पाहिली असती, तर त्यांनी काय म्हटलं असतं? मला वाटतं, त्यांनी केसांचा विचार केला नसता. वामलुने हा शब्द मी काल शब्दकोशात घातला, आणि आता ‘ने’ची व्याख्या पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेतली आहे.